वकील न लावता वारसाची कागदपत्रं: किती जमतं आणि कुठे थांबायचं

आजचा विषय जरा जड आहे. चालता चालता ऐकत असाल तर ऐका, पण मधे कुठेतरी थांबून दोन-तीन गोष्टी टिपून घ्याव्या लागतील. घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या नावावरचं सगळं वारसांच्या नावावर कसं करायचं, आणि त्यासाठी वकील लावलाच पाहिजे का, यावर आज बोलणार आहे.

आधीच सांगतो, मी वकील नाही. बीटेक केलंय, पुण्यात नोकरी करतो, दिवसभर जावा लिहितो. ऑगस्ट २०२३ मध्ये बाबा गेले. वय ५४. साताऱ्याजवळ एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरीला होते, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. चोपन्नाव्या वर्षी कोण करतं? मागे राहिलो आम्ही चौघं: आई, आजी, ताई आणि मी. सगळं मार्गी लागायला वर्षाच्या वर गेलं आणि शेवटपर्यंत वकील लावला नाही. पैसे वाचवायचे होते हे खरंच, पण मला सगळं कळून घ्यायचंही होतं.

यातून मला जे कळलं ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. या कामात कायदा फार थोडा असतो. जास्त असतं ते म्हणजे यादी करणं, नावं जुळवणं आणि घरातल्या सगळ्या वारसांचं एकमत. पहिल्या दोन गोष्टी कुणालाही जमतात. तिसरी असेल तर वकिलाची गरज पडत नाही. नसेल तर वकील लावाच, तिथे काटकसर करू नका.

आता प्रोबेट. हा शब्द मुंबईतल्या लोकांनी जास्त ऐकलेला असतो. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे यावर कोर्टाचं शिक्कामोर्तब. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा, आणि त्यातल्या कलम २१३ मुळे मुंबई, चेन्नई, कोलकाता या जुन्या प्रेसिडेन्सी शहरांत हिंदू, बौद्ध, जैन, शीख, पारशी यांच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं होतं. म्हणजे दादरच्या फ्लॅटचं मृत्युपत्र असेल तर हायकोर्टाची पायरी चढायची, आणि साताऱ्यातल्या घराचं असेल तर गरज नाही. इंग्रजांच्या नकाशावर तुम्ही कुठे राहता त्यावर नियम! डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं हे कलम काढून टाकलं. लक्षात घ्या, सक्ती गेली, प्रोबेट गेलं नाही. मृत्युपत्रावरून उद्या कुणी भांडेल अशी शंका असेल तर प्रोबेट आजही मागता येतं, आणि अशा वेळी ते घेतलेलं बरं.

पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत मृत्युपत्रच नसतं. तिथे प्रोबेटचा प्रश्न येत नाही. तिथे प्रश्न येतो वारस कोण हे सिद्ध करण्याचा, आणि आमचं प्रकरण त्यातलं होतं.

वारस कोण, यावर आमच्याकडे दहाव्यालाच चर्चा झाली. एक नातेवाईक म्हणाले, "बायको आणि पोरगा, झालं." मुलगी? "तिचं लग्न झालंय की." आणि आजी? आजीचं तर नावही कुणी घेतलं नाही. आता कायदा काय म्हणतो बघा. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई. गेलेल्या माणसाची आई. सगळ्यांना सारखा वाटा. म्हणजे बाबांच्या स्वतःच्या कमाईत आईचा पाव, आजीचा पाव, ताईचा पाव, माझा पाव. आणि गंमत बघा, आजोबा हयात असते तर त्यांना काहीच नसतं, कारण वडील दुसऱ्या वर्गात येतात. एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच गेली असेल तर तिची मुलं तिच्या जागी येतात. जमीन वडिलोपार्जित असेल तर वाट्यांचा हिशेब वेगळा होतो, पण मुलगी तिथेही आहेच. २००५ च्या दुरुस्तीनं तिला जन्मानं हक्क मिळाला, आणि विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असायची गरज नाही. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी घरांना हे वाटे लागू नाहीत, त्यांचे नियम वेगळे. गोव्यातले श्रोते असतील तर तुमचंही वेगळं. तुमच्याकडे पोर्तुगीज काळापासून आलेला वारसा कायदा आहे, त्यात जोडीदाराचा निम्मा हिस्सा आणि इन्व्हेंटरी प्रोसिडिंग नावाची कोर्टातली स्वतंत्र पद्धत आहे. त्यामुळे पुढचं कोर्टाचं आणि सातबाऱ्याचं ऐकून तिकडे तसंच करायला जाऊ नका.

बरं, कामाकडे येऊ. पहिलं काम मृत्यू दाखला. मूळ प्रती भरपूर काढून घ्या, मी बारा काढल्या होत्या आणि त्या लागल्या. दाखला हातात पडायच्या आधी, नोंद होतानाच, नावाचं स्पेलिंग डोळ्यात तेल घालून बघा. का ते पुढे येईल.

दुसरं, फोन. गेलेल्या माणसाचा फोन लगेच रीसेट करून कुणाला देऊन टाकू नका, आणि सिमचं रिचार्ज चालू ठेवा. पण त्या फोनवरून यूपीआय करायचं नाही, एटीएममधून पैसे काढायचे नाहीत. पिन माहीत असला तरी नाही. खातेदार गेल्यावर खातं त्याच्या नावानं वापरणं चुकीचं आहेच, आणि उद्या वारसांमध्ये काही बिनसलं तर पहिला प्रश्न तोच निघतो, की ते चाळीस हजार कुणी काढले? फोन हवा आहे तो वाचायला. एसएमएसमध्ये शोधा: प्रीमियम, फोलिओ, मॅच्युरिटी, डिव्हिडंड. बाबांनी कुठेही यादी लिहून ठेवली नव्हती, पण त्यांच्या इनबॉक्सनं मला अर्धी यादी करून दिली.

उरलेली अर्धी पासबुकानं दिली. मागच्या दोन वर्षांच्या नोंदी ओळीनं वाचा, कंटाळा करू नका. मला मे महिन्यात ४३६ रुपये कापलेले दिसले. ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. वर्षाला ४३६ रुपये हप्ता, दोन लाखांचं विमा कवच, वयाच्या ५५ वर्षांपर्यंत. बँकेत कुणीतरी फॉर्म भरून घेतला असणार आणि बाबा विसरून गेले असणार. आम्ही ती ओळ बघितली नसती तर दोन लाख तसेच राहिले असते. तुमच्या घरातल्या पासबुकात ४३६ किंवा २० रुपयांची नोंद दिसते का बघा. २० ची असेल तर ती अपघात विम्याची.

आणखी एक जागा म्हणजे इन्कम टॅक्सची साइट. तिथे वारस म्हणून नोंदणी करता येते. ती करावीच लागते, कारण गेलेल्या माणसाचं त्या वर्षीचं रिटर्न वारसानं भरायचं असतं. एकदा आत गेलात की एआयएस नावाचं विवरण दिसतं. कुठल्या बँकेनं किती व्याज दिलं, कुठल्या कंपनीनं लाभांश दिला, सगळं त्यात आहे. आम्हाला माहीत नसलेली एक एफडी तिथे सापडली. जुन्या पडून राहिलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, म्युच्युअल फंडांसाठी सेबीचं मित्रा आहे. आणि हो, वारसा कर भारतात नाही. इस्टेट ड्युटी होती ती १९८५ मध्ये गेली. "टॅक्स लागेल हां" म्हणून घाबरवणारे भेटतील, पण तो कर लागतो नंतर व्याजावर किंवा विकल्यावर. नुसतं वारसानं मिळालं म्हणून लागत नाही.

नोकरीत असताना माणूस गेला असेल तर पीएफ कार्यालयाचे तीन अर्ज लक्षात ठेवा. फॉर्म २० पीएफच्या रकमेसाठी, १०-डी पेन्शनसाठी आणि ५-आयएफ विम्यासाठी. हा तिसरा कुणाला माहीतच नसतो. ईडीएलआय नावाची योजना आहे, जास्तीत जास्त सात लाख रुपये मिळतात, आणि हप्ता कंपनी भरते, त्यामुळे पगाराच्या स्लिपवर तो दिसत नाही. दिसत नाही म्हणून कुणी मागत नाही.

आता नॉमिनी. यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. नॉमिनी म्हणजे मालक नाही. बँक किंवा कंपनी कुणाच्या हातात पैसे देऊन मोकळी होईल, तो माणूस म्हणजे नॉमिनी. त्यानं ते वारसांसाठी सांभाळायचे असतात. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं. सोसायटीच्या फ्लॅटचंही तसंच. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ पासून नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद होतो, कायमचं सभासदत्व वारसांचं ठरल्यावर. आयुर्विम्यात मात्र २०१५ पासून थोडा फरक आहे, तिथे जोडीदार, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच. तरीपण नॉमिनी लावलेला असणं फार मोठी सोय आहे. आमची जिथे नॉमिनी होती ती सगळी खाती दीड-दोन महिन्यांत निकाली निघाली. जिथे नव्हती, तिथे कोर्ट.

एक गोष्ट तुमच्यासाठी, म्हणजे पंचविशी-तिशीतल्या लोकांसाठी. नोकरीला लागताना तुम्ही पीएफला आईला नॉमिनी केलं असेल. नंतर लग्न केलंत तर ते नॉमिनेशन आपोआप रद्द धरलं जातं, नवीन करावं लागतं. किती जणांनी केलंय?

बँकांबद्दल चांगली बातमी आहे, जी आमच्या वेळी नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी एकसारखे नियम काढले आणि बँकांना ते लागू करायला ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदत दिली. नॉमिनी नाही, मृत्युपत्र नाही, वाद नाही, अशा वेळी १५ लाखांपर्यंतच्या रकमेला कोर्टाचा कागद मागायचा नाही. सहकारी बँकांसाठी ही मर्यादा पाच लाख आहे. अर्ज, वारसांचं प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, इतर वारसांची ना-हरकत, एवढ्यावर काम व्हायला हवं. सगळी कागदपत्रं दिल्यापासून १५ दिवसांत. शाखेत कुणी "साहेब, आधी कोर्टातून आणा" म्हणालं तर हा नियम त्यांना दाखवा आणि उत्तर लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याच गोष्टी अचानक शक्य होतात, हा माझा अनुभव आहे. पतसंस्था मात्र यात धरू नका, त्या सहकार खात्याखाली येतात.

आता नावांचा गोंधळ. मी डेटाबेसवर काम करतो. आमच्याकडे प्रत्येक नोंदीला एक वेगळी ओळख लागते, नाहीतर एकाच माणसाचे दोन होतात. महाराष्ट्रात प्रत्येक माणसाचे किमान तीन होतात. बाबा आधारवर पूर्ण नावानं, सातबाऱ्यावर घरात हाक मारायच्या नावानं आणि एफडीच्या पावतीवर आडनावाच्या दोन वेगळ्या स्पेलिंगनं. आई तर माहेरच्या नावानं शाळेच्या दाखल्यावर आणि सासरच्या नावानं बाकी सगळीकडे. आमचा जवळपास निम्मा वेळ ही सगळी माणसं एकच आहेत हे पटवण्यात गेला. मी एका कागदावर तक्ता केला. कुठल्या कागदावर कुठलं नाव, तारीख काय, सोबत पुरावा काय. आणि एकच प्रतिज्ञापत्र केलं, त्यात नावाची सगळी रूपं लिहिली. प्रत्येक ऑफिसात तेच लावलं. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी प्रतिज्ञापत्रं करत बसाल तर त्यातच नवीन फरक तयार होतात.

जमिनीची गोष्ट. दीड एकर आहे, बाबांच्या नावावर. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज करायचा, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून भाऊसाहेबच. महसूल कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत कळवायचं असतं. मृत्यू दाखला, वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, आधार, सातबारा. ई-हक्क साइटवरून घरी बसूनही अर्ज करता येतो. मग फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, आणि कुणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. यात वकिलाचं काहीच काम नाही. फी पण नाही. २०२५ मध्ये सरकारनं जिवंत सातबारा मोहीम काढली ती याच नोंदींसाठी, कारण गावोगावी आजोबा-पणजोबांची नावं अजून सातबाऱ्यावर बसलेली आहेत.

आम्ही गेलो तेव्हा भाऊसाहेबांनी अर्ज वाचला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बहिणीचं नाव लावायचंय का? पुढं जड जातं बघा. आत्ताच काय ते करून घ्या." त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. रोज तेच बघत असतील. गावात रीतच ती आहे, बहीण सही करते, साडीचोळी घेते आणि माहेर टिकवते. नातेवाईकांनी घरीही हेच चालवलं होतं. "ताई काय, सही करून देईल की."

ताईशी मीच बोललो. फोनवर नाही, तिच्या घरी जाऊन. दाजी चहा ठेवून बाहेर गेले, त्यांना कळलं होतं विषय काय आहे. ताई म्हणाली, "मला जमीन नको रे. पण आधी माझं नाव लागू दे. मग काय द्यायचं, कुणाला द्यायचं, ते मी ठरवीन. नाव न लावता सोडायला सांगताय म्हणजे मी नव्हतेच असं म्हणताय."

ती वकील नाही, बँकेत आहे. पण कायद्याचा क्रमही तोच आहे. आधी सगळ्या वारसांची नोंद. नंतर कुणाला हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच लागतं. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर घरी बसून केलेल्या सह्यांना जमिनीच्या बाबतीत अर्थ नाही. वारसाचं नाव लपवून प्रतिज्ञापत्र केलं तर ते खोटं प्रतिज्ञापत्र आहे, गुन्हा आहे. आणि व्यवहार म्हणूनही मूर्खपणाचं आहे. वीस वर्षांनी जमीन विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याचा वकील वंशावळ मागेल, त्यात बहीण निघेल, आणि तेव्हा तिच्या मुलांच्या दारात जावं लागेल. शिवाय सातबारा म्हणजे मालकीचा निकाल नाही, ती महसुलाची नोंद आहे. नाव नसलं तरी तिचा हक्क जात नाही, फक्त तिला कोर्टात जावं लागतं. आपल्याच बहिणीला आपल्याविरुद्ध कोर्टात ढकलायचं, यात कसलं घर टिकतं?

चारही नावं लागली. ताईनं हक्कसोड आजपर्यंत केलेलं नाही, आणि तिला ते कुणी विचारायचं नाही असं आईनं सांगून ठेवलंय. महाभूमीच्या साइटवरून १५ रुपयांत डिजिटल सातबारा काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. कुणी काही बोललं नाही. आत्यानं फक्त नमस्काराचा इमोजी टाकला.

आता कोर्ट. ती सापडलेली एफडी मोठी होती, नॉमिनी नव्हता, आणि तेव्हाच्या नियमानं बँकेनं सक्सेशन सर्टिफिकेट मागितलं. इथे एक फरक समजून घ्या. सक्सेशन सर्टिफिकेट हे फक्त येणी आणि रोखे यांच्यासाठी असतं, म्हणजे ठेवी, शेअर्स, बाँड वगैरे. घर-जमिनीला ते लागू नाही. त्यासाठी कोर्टाचा कागद हवाच असेल तर वारस दाखला वेगळा, आणि तो मिळतो चक्क १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली. जवळपास दोनशे वर्षं जुना कोड अजून प्रॉडक्शनमध्ये चालू आहे.

स्वतःच्या अर्जासाठी स्वतः उभं राहायचा हक्क प्रत्येकाला आहे. माणूस शेवटी जिथे राहत होता तिथल्या कोर्टात अर्ज करायचा, आमच्याकडे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. अर्ज मराठीत चालतो. त्यात काय लिहायचं हे कायद्यातच दिलंय: मृत्यूची तारीख, राहण्याचं ठिकाण, सगळे जवळचे नातेवाईक आणि त्यांचे पत्ते, तुमचा हक्क कशावरून, मृत्युपत्र नसल्याचं, आणि शेवटी पैशांचं परिशिष्ट. परिशिष्टात खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला तर बँक ते सर्टिफिकेट परत करते, म्हणून आधी बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र घ्या आणि त्यावरूनच उतरवा. त्या प्रकाराला कोर्टात नाव आहे "किरकोळ दिवाणी अर्ज". बाबांची तीस वर्षांची बचत, आणि ती किरकोळ! असो.

तुम्ही फक्त स्वतःसाठी बोलू शकता, आईच्या वतीनं युक्तिवाद नाही करू शकत. म्हणून आम्ही असं केलं की अर्जदार मी, आणि आई, आजी, ताई सामनेवाले. त्यांनी आपापलं म्हणणं द्यायचं की आमची हरकत नाही. कागदावर फारच वाईट दिसतं ते. बेलिफ नोटीस घेऊन घरी आला तेव्हा आजी ओट्यावर बसलेली. दुपारी मला तिचा फोन. "काय रे, माझ्यावर केस केलीस होय?" मी समजावलं. ती म्हणाली, "मग आधी सांगायचं ना, मी त्याला पाणी पण नाही विचारलं." घरच्यांना आधी समजावून ठेवा एवढंच सांगतो, नोटीस हा शब्द मोठ्या माणसांना लागतो.

त्यानंतर पेपरात जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, मग तुमचं पुराव्याचं प्रतिज्ञापत्र, मूळ कागद दाखवणं, आणि आदेश. कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात असते, वकील नसला तरी ती वाचत नाही, तिची तजवीज आधीच करा. आम्हाला साडेसात महिने लागले. त्यातल्या प्रत्यक्ष सुनावण्या मोजून दहा-दहा मिनिटांच्या, बाकी सगळं वाट बघणं. ई-कोर्ट्स ॲपमध्ये सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, त्यामुळे पुण्याहून उगाच फेरी पडत नाही. न्यायाधीशांनी पहिल्या तारखेला विचारलं, "वकील नाही?" मी म्हणालो, "नाही सर, सगळ्यांची संमती आहे." त्यांनी मान डोलावली आणि कागद बघितले. खरं सांगायचं तर कोर्टातल्या क्लार्क मॅडमनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही व्हिडिओनं नाही. अर्जात त्यांनी काढलेल्या त्रुटी म्हणजे कोड रिव्ह्यू समजा. चिडू नका, दुरुस्त करा, परत द्या.

भाऊ-बहीण परदेशात असेल तर तिकडच्या भारतीय दूतावासातून प्रमाणित केलेलं मुखत्यारपत्र मागवा, आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्याला इथला स्टॅम्प लावून घ्या. हे राहिलं की सगळं अडतं.

आता कुठे थांबायचं. मृत्युपत्र आहे आणि कुणीतरी "ही सही त्यांची नाही" म्हणतंय, वकील लावा. वारसांत अज्ञान मूल आहे आणि त्याचा जमिनीतला हिस्सा विकायचा किंवा सोडायचा आहे, कोर्टाची परवानगी लागते, वकील लावा. वडिलांचं दुसरं लग्न, बेपत्ता भाऊ, कुळाची जमीन, चालू असलेला जुना दावा, यातलं काहीही असेल तर लावा. आणि पैशांचीच अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात. बायकांना तिथे मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. माझ्या आईला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तू कशाला सुट्ट्या घालवल्यास?" रास्त प्रश्न आहे.

अजून एक राहिलं, वसुलीचे फोन. बाबांच्या नावावर एक पर्सनल लोन होतं. तेराव्याच्या आधी फोन सुरू झाले, "मुलगा आहात ना, मग भरावं लागेल." वारसाची जबाबदारी त्याला वारसानं जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच असते. स्वतःच्या पगारातून भरायची सक्ती नाही, तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर गोष्ट वेगळी. शिवाय कर्जाला विमा जोडलेला आहे का ते आधी विचारा. बाबांच्या कर्जाला होता. सांगितलं नव्हतं कुणी, मंजुरीपत्राच्या चौथ्या पानावर होता. विम्याचा दावा लावला, कर्ज मिटलं, आणि मिटल्याचं पत्र घेऊन फाइलला लावलं.

प्रतिज्ञापत्रातली नावांची ओळ कशी लिहायची आणि माझा तो तक्ता कसा होता, हे पुढच्या भागात सविस्तर सांगतो. तोपर्यंत घरी गेलात की पासबुक उघडा आणि ४३६ शोधा. भेटू.